खारट रंकाळा

कोल्हापूरला समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या आबांनी कधी मनाला लावून घेतली नाही. समुद्र नसला म्हणून काय झालं, चौपाटी आहे की. रंकाळ्याच्या काठाला भेळेच्या गाड्या लागतात, लहान पोरांना घेऊन घोडी फिरतात, बागेत घसरगुंडीवरून चड्ड्या फाटतात, आणि या सगळ्याला अख्खं गाव चौपाटी म्हणतं. बाहेरच्या माणसाला याचं हसू येतं. आबांना त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळत नसे. "समुद्र म्हंजे काय, खारट रंकाळा," असं ते ठासून सांगत. तोवर त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता.

आबा म्हणजे माझे वडील. गुळाच्या अडतीवर त्यांचा दिवस जायचा आणि रंकाळ्यावर संध्याकाळ. आम्ही राहायला मंगळवार पेठेत, म्हणजे चालत गेलं तर पानाचा विडा रंगेपर्यंत रंकाळा. सत्तरच्या आसपासची गोष्ट सांगतेय मी. तेव्हा काठावर एवढी गर्दी नव्हती. एका अंगाला म्हशी डुंबत असायच्या, दुसऱ्या अंगाला तालमीतले पैलवान पोहायला उड्या टाकायचे, आणि दोघांच्या मधल्या पाण्याला आबा 'निवळशंख' म्हणायचे.

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी चहा आणि लगेच रंकाळा. जेवण परत आल्यावर. पाहुणा रात्रभर एसटीत उभा राहून आलेला असो की गुडघेदुखीने बेजार असो, यात सूट नव्हती. काठावरच्या टॉवरजवळ, पायऱ्या खाली उतरतात तिथे, भिंतीशी एक ठरलेली जागा होती. पाहुण्याला तिथे उभं करायचं, पूर्ण इतिहास सांगायचा आणि शेवटी विचारायचं, "कसा हाय?" याला उत्तरही ठरलेलं होतं. "असा कुठं बघितला न्हाई," एवढं म्हटलं की पाहुणा पास. मग त्याला भेळ, कैरी जास्त घालून, आणि घरी तांबडा रस्सा. कुणी नुसतं 'बरा आहे' म्हटलं तर भेळ मिळायची, पण कैरी बेताची.

इतिहास आबांच्या तोंडात गेला की फुगायचा. इथे पूर्वी दगडाची खाण होती, देवीच्या देवळाला इथलाच दगड लागला, मग कधीतरी भूकंप झाला, जमीन खचली आणि खालून पाणी आलं, एवढं गावात सगळेच सांगतात. आबांच्या भूकंपात पाथरवट छिन्नी-हातोडे टाकून पळत सुटत, आणि त्यांतला सगळ्यांत पुढे पळणारा आमचा पूर्वज असे. आमच्या घराण्यात कुणी दगडाला हात लावल्याचं ऐकिवात नाही. पण एवढी मोठी गोष्ट घडताना आपलं एखादं माणूस तिथे हवंच, असा आबांचा हिशेब. पुढे संध्यामठ यायचा, जो पावसाळ्यात पाण्यात जातो आणि उन्हाळ्यात अंग कोरडं करून बाहेर येतो. मग पलीकडच्या काठावरचा राजवाडा. शेवटी नंदी. काठाजवळच्या देवळातला नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तो रंकाळ्याला पोचेल त्या दिवशी जगबुडी, असं आमच्याकडे सांगतात. जगबुडी आमच्या रंकाळ्यापासून सुरू होणार, याचासुद्धा आबांना अभिमान होता.

अशा घरात वहिनी आली, तीही वेंगुर्ल्याकडची.

दादा एसटीत होता. त्याची सावंतवाडीला बदली झाली आणि तिथेच कुणीतरी हे स्थळ सुचवलं. मुलगी पाहायला आबा गेले ते सावंतवाडीला तिच्या मामाच्या घरी, आणि तिथूनच माघारी फिरले. समुद्र पुढे थोड्या अंतरावर होता, पण आबांना त्याची गरज वाटली नाही. लग्न आमच्या रिवाजाप्रमाणे आमच्या दारात झालं. दादाची बदली परत कोल्हापूरला झाली आणि वहिनी आमच्यात राहायला आली. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि घरात बोलायला कुणीतरी आपल्या वयाचं आलं म्हणून खूश होते.

देवदर्शन, गोंधळ सगळं आटोपल्यावर आबांनी नव्या सुनेला रंकाळ्यावर नेलं. आम्ही सगळेच गेलो. ठरलेल्या जागी तिला उभं केलं. आबांनी त्या दिवशी इतिहास असा सांगितला की भेळवालासुद्धा चिरमुरे हलवायचा थांबला. पूर्वज पळाला, मठ बुडाला, नंदी सरकला. मग आबा घसा खाकरून म्हणाले, "मग सूनबाई, कसा हाय?"

वहिनीने डोक्यावरचा पदर सावरला आणि पाण्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग हळू आवाजात म्हणाली, "तळं छान आहे."

 आबांनी सगळ्यांना भेळ घेतली आणि स्वतःची हातात धरून ठेवली ती घरापर्यंत. चिरमुरे वाटेत मऊ पडले. आमच्या घरात रंकाळ्याला कुणी तळं म्हटलेलं नव्हतं. तळं शेजारच्या गावाला असतं. रात्री आई म्हणाली की पोर नवी आहे, भोळी आहे, बोलून गेली. आबा म्हणाले, "भोळी न्हाई. तिनं बघून सांगितलं." त्यांना तेच लागलं होतं. त्या दिवसापासून वहिनी या घरची झाली की नाही, हे आबांच्या लेखी त्या एका वाक्यावर अडून राहिलं. ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठो, आईच्या पाठीला तेल चोळून देवो, आबांचं धोतर दुधासारखं पांढरं धुवो, ते सगळं आबा मान्य करत आणि शेवटी म्हणत, "पर मन तिकडंच हाय तिचं."

मग मोहीम सुरू झाली. दर रविवारी वहिनीला रंकाळ्याची एकेक गंमत दाखवायची. बागेतलं कारंजं दाखवून झालं, ते नेमकं त्या दिवशी बंद होतं. नावेत बसवून झालं. नावेत आबांनाच मळमळलं आणि वहिनीने त्यांना पदराने वारा घातला. सिनेमावाल्यांनी रंकाळ्यावर शूटिंग करून पडद्यावर तो समुद्र म्हणून दाखवला होता, असं आबा सांगायचे. "त्यास्नी फरक कळला न्हाई, तर हिला कसा कळतोय?" असं ते मला विचारत, वहिनीला ऐकू जाईल अशा बेताने. नंदीच्या देवळातही नेलं. तिथे वहिनीने गहू आणि तांदळाचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि अगदी मनापासून विचारलं, "मामंजी, तांदूळ कुठला? आमच्याकडचा उकडा असेल तर तो गव्हापेक्षा जाड असतो. मग नंदी मागेच जात असेल." पुजारी हसला. जगबुडी कायमची टळली, पण आबांना त्याचा आनंद झाला नाही.

मला दोघांचाही राग यायचा. आबांचा जास्त, पण वहिनीचाही. एक वाक्य टाकलं असतं तर काय बिघडणार होतं? एका संध्याकाळी आम्ही दोघीच रंकाळ्यावर गेलो होतो. एक गोष्ट माझ्या तोवर ध्यानात आली होती. बाकी सगळ्या बायका पायऱ्यांवर चपला काढून खाली पाण्यात पाय सोडून बसत, पण वहिनी कधी खाली उतरत नसे. चपला पायांत ठेवून भिंतीशीच उभी राहायची, वारा यायचा त्या बाजूला तोंड करून. मी तिला म्हटलं, "एकदा म्हणून टाक की गं. पांढऱ्या रश्श्याला छान म्हणालीस, तांबड्याला म्हणालीस. डोळ्यांतून पाणी येत होतं, नाकातून येत होतं, तरी म्हणालीस."

"जेवणाचं म्हणते मी," ती म्हणाली. "पाण्याचं नाही म्हणवत."

मग तिने सांगितलं की रात्री तिला झोप लागत नाही. आमच्या पेठेत आवाज काय कमी होता? तालमीतला ढोल, टांग्याची घोडी, शेजारच्यांचा रेडिओ. पण जन्मल्यापासून रात्री जो एक आवाज कानात असायचा तो इथे नव्हता. "हे पाणी काय बोलतच नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. मला काय करावं ते सुचेना. मी भेळ आणली. तिने रडत रडत ती खाल्ली आणि मिरची जास्त झाली म्हणून आणखी रडली, आणि शेवटी आम्ही दोघी हसायला लागलो. त्या दिवसापासून मी तिच्या बाजूची झाले. आबांना मात्र हे सांगायची सोय नव्हती. तिचं मन तिकडंच आहे, हेच त्यांनी वर मान करून पुन्हा म्हटलं असतं.

दिवस गेले तशी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. एसटी सुटताना आबा स्टँडवर आले होते. खिडकीतून त्यांनी तिच्या हातात नारळ ठेवला. घरी येताना आईला म्हणाले, "आता येतीया कशाला परत. येईल म्हणा, पर निस्ती अंगानं येईल." आईने त्यांना गप्प बसवलं, पण तिलाही तीच धास्ती होती हे मला दिसत होतं.

मुलगी झाली. बारशाला आम्ही सगळे निघालो. आता आबांना समुद्र चुकवता येणार नव्हता, कारण वहिनीचं माहेर किनाऱ्यालाच होतं. जायच्या आधी आबांनी चप्पल लाइनला जाऊन नव्या चपला करून घेतल्या. तेल पाजलेल्या, कडक, आणि आवाज असा की माणूस गल्लीच्या तोंडाशी आला की घरात आधण ठेवावं. व्याह्यांना कळू दे कोल्हापूरचा माणूस आलाय, असा त्यांचा विचार. निपाणी, आजरा, आंबोलीचा घाट असं करत आम्ही गेलो. घाटात बाकीचे धुक्याला बघत होते. आबा अधूनमधून पाय आपटून चपलांचा आवाज तपासत होते.

पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वहिनी आतल्या खोलीत बाजेवर होती. नातीचं तोंड पाहून झालं, चहा झाला, आणि वहिनीचे वडील म्हणाले, चला, दर्या बघून येऊ. मला हसू आवरेना. आमच्याच घरचा रिवाज आबांच्या वाट्याला आला होता.

सुरूची झाडं संपली आणि समोर समुद्र आला. मीही तो पहिल्यांदाच पाहत होते. मी जागीच थांबले, खरं सांगते. आबांकडे पाहिलं तर ते कपाळावर हात आडवा धरून पलीकडचा काठ शोधत होते. "पल्याड काय हाय?" त्यांनी विचारलं. व्याही म्हणाले, "काठ आसा, पण दिसणा नाय." आबा म्हणाले की मग काहीतरी उंच बांधायला पाहिजे होतं, आमच्याकडे राजवाडा आहे. तेवढ्यात त्यांना ओली वाळू दिसली. ओहोटी होती, पाणी बरंच आत गेलं होतं. आबांचा चेहरा उजळला. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आटलाय की गं. आपला वैशाखात बी एवढा हटत न्हाई."

मग त्यांनी केलं ते रंकाळ्यावर आयुष्यभर करत आले होते तेच. पाण्याच्या अगदी कडेला गेले, नव्या चपला काढल्या, जोडीने नीट मांडल्या, धोतर खोचलं आणि पाण्यात उतरले. व्याही मागून काहीतरी म्हणाले, पण वाऱ्यात ते ऐकू गेलं नाही. आबा गुडघाभर पाण्यात गेले. वाकून ओंजळ भरली आणि चव घेतली. तोंड वाकडं करून थुंकले आणि माझ्याकडे वळून हात वर केला. खारट रंकाळा. तेवढ्यात मागून लाट आली. आबा धडपडले आणि रागाने मागे वळून पाहू लागले, कुणी ढकललं म्हणून. रंकाळ्यात ढकलायचं तर माणूसच लागतं. मागे कुणीच नव्हतं. मग दुसरी लाट आली, मग तिसरी. आबा मागे सरत सरत बाहेर आले आणि चपला जिथे होत्या तिथे पाणी होतं.

त्यांना पहिल्यांदा वाटलं, चोरीला गेल्या. देवळाबाहेरून जातात तशा. त्यांनी किनाऱ्यावर लांब जाळं विणत बसलेल्या दोघांकडे संशयाने पाहिलंही. व्याही शांतपणे म्हणाले, "दर्यान न्हेल्यान." आबांना ते पटेना. पाणी आहे तिथून उठून येतं आणि वस्तू घेऊन जातं, हे साठीच्या माणसाने एकदम मान्य तरी कसं करावं? पण पाणी अजून येतच होतं. आम्ही मागे सरलो, तरी येत होतं. मघाशी आटलेला समुद्र अंधार पडेपर्यंत सुरूच्या झाडांच्या जवळ आला. आबा ते बघत उभे राहिले. आम्ही हाका मारल्या तरी हलेनात.

घरी आलो तेव्हा आतून वहिनीचा आवाज आला. मामंजींच्या चपला कशा वाजल्या नाहीत, असं ती तिच्या आईला विचारत होती. आणि कुणी उत्तर द्यायच्या आत तिचं तिनेच विचारलं, "भरती होती?" मग आत बराच वेळ कुणीतरी तोंडात पदर कोंबून हसत असल्याचा आवाज येत होता. बारशाला आबा फेटा, कोट आणि व्याह्यांच्या निळ्या पट्ट्यांच्या रबरी स्लिपरमध्ये उभे राहिले. चालले तरी कुणाला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राने एक चप्पल परत आणून टाकली. मिठाने पांढरी झालेली, आवाज पार बसलेली. आबांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून कोल्हापूरला आणली, आणि आईने ती नातीला दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगली.

त्यानंतर आबा बदलले. निपाणीचे पाहुणे आले तर त्यांना चहा दिला आणि पाठोपाठ जेवायला वाढा म्हणाले. रंकाळ्याचं नावच नाही. पाहुणेच गोंधळले. आईने रात्री त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मला एवढे दिवस वाटत होतं की यांची खोड मोडली पाहिजे. आता मोडली तर मला वाईट वाटायला लागलं. आबा रंकाळ्यावर एकटे जात आणि लवकर परत येत.

वहिनी बाळाला घेऊन परत आली तेव्हा पाऊस सरला होता आणि रंकाळा काठोकाठ भरला होता. आबांनी नातीला मांडीवर घेतलं, खेळवलं, पण चला म्हणाले नाहीत. एक रविवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी आबा आपणहून कोट घालून दारात उभे राहिले आणि वहिनीला म्हणाले की बाळीला वारा दाखवून आणू. मी बरोबर गेलेच. हे चुकवणार कोण?

ठरलेल्या जागी आलो. वहिनी नेहमीसारखी भिंतीशी थांबली, बाळ खांद्यावर. आबांनी चपला काढून वरच्या पायरीवर ठेवल्या, आणखी एक नवी जोडी केली होती त्यांनी, आणि खाली जाऊन पाण्यात पाय सोडून बसले. इतिहास नाही, नंदी नाही. मी मनात म्हटलं, आता विचारतील, कसा हाय. पण त्यांनी विचारलं नाही. पाण्याकडे बघत, मागे न वळता ते म्हणाले, "एवढं मोठं सोडून तू हितं आलीस व्हय, सूनबाई."

 मी वहिनीकडे पाहिलं तर तिचा चेहरा कसनुसा झाला होता. मग तिने बाळ माझ्याकडे दिलं, पायांतल्या चपला काढल्या आणि त्या आबांच्या चपलांशेजारी नीट मांडून ठेवल्या. बाळ परत घेतलं आणि पायऱ्या उतरून आबांच्या शेजारी पाण्यात पाय सोडून बसली. बाळीचे पाय तिने अलगद पाण्याला लावले.

"पर ह्यो चपला न्हेत न्हाई की, मामंजी," ती म्हणाली.

आमच्या घरात ती आमच्यासारखं बोलली ती त्या दिवशी पहिल्यांदा. आबांनी मान खाली घातली आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसले. मग उठले आणि भेळवाल्याला हाक मारून म्हणाले, सूनबाईच्या भेळेत कैरी जास्त घाल.